जुन्या प्रोग्राममधील नोंदी आधी बाहेर काढा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावातील सार्वजनिक वाचनालयात मी एकवीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आपल्याकडील वाचनालये, पतसंस्था, पाणीपुरवठा संस्था आणि लहान कारखाने यांच्याकडे वीस-वीस वर्षांपूर्वी करून घेतलेले संगणक प्रोग्राम अजून आहेत. त्यांतले काही आजही चालतात, तर काही नवा संगणक टेबलावर आला त्याच दिवशी बंद पडले. प्रोग्रामबरोबर त्यातील नोंदीही गेल्या असे धरून त्या हाताने पुन्हा भरायला बसलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत, आणि नाद सोडून दिलेल्याही पाहिल्या आहेत. नोंदी गेल्या हे गृहीतक बहुतेक वेळा चुकीचे असते. ते का चुकीचे आहे हे आमच्याच वाचनालयाच्या अनुभवावरून सांगावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या पत्रापेक्षा लांबले आहे, कारण हा विषय अर्धवट सांगितला तर वाचणाऱ्याच्या हातून नुकसान होण्याचा संभव आहे.

आमच्या वाचनालयाने २००४ मध्ये दाखलनोंद, सभासद आणि देवघेव यांसाठी एक प्रोग्राम करून घेतला. परवान्याचा खर्च नको म्हणून तो लिनक्स या विनामूल्य संगणक प्रणालीवर चालणारा करून घ्यावा असे कार्यकारी मंडळाने ठरवले, आणि तो निर्णय योग्यच होता. करून देणाऱ्या व्यावसायिकाने आम्हाला एक सीडी दिली. मूळ प्रोग्रामचा स्रोत, म्हणजे सोर्स कोड, मागायचा असतो हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. पुढे काही वर्षांत तो व्यवसाय बंद झाला. प्रोग्राम मात्र त्याच संगणकावर पंधरा वर्षे विनातक्रार चालला, आणि चालतो आहे म्हणून त्या संगणकाकडे आम्ही कधी वेगळ्या नजरेने पाहिले नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वाचनालयाच्या तळमजल्यावर पाणी शिरले. सांगलीतील आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी वाढत असल्याच्या बातम्या येत होत्या तेव्हा हाताला लागतील तेवढी पुस्तके आम्ही वरच्या फळ्यांवर ठेवली, पण पाणी त्याही फळ्यांपर्यंत आले. ते ओसरल्यावर गाळातून दाखलनोंदीची रजिस्टरे काढली, तर पहिल्या तीन खंडांची शाई पूर्ण फुटली होती. संगणक पाण्याखाली जाऊन निकामी झाला होता. एक गोष्ट मात्र वाचली होती. जुलैअखेरचा पूर्ण बॅकअप, प्रोग्रामच्या फोल्डरसह, एका संचालकांच्या घरी वरच्या मजल्यावर वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवलेला होता. अकरा हजारांहून अधिक ग्रंथांचे दाखल क्रमांक, लेखक, किमती, खरेदीच्या तारखा असे सगळे त्या एका डिस्कवर होते. पंचनाम्यासाठी, आणि पुढे अनुदानाच्या तपासणीसाठी, दुसरा कोणताही पुरावा आमच्याकडे उरला नव्हता.

एका देणगीदारांनी नवा संगणक दिला. त्यावर ६४-बिट लिनक्सची त्या वेळची नवी आवृत्ती होती. प्रोग्रामचे फोल्डर त्यावर उतरवून तो सुरू करायला गेलो तेव्हा पडद्यावर संदेश आला, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल समोर दिसत होती, तिचा आकार दिसत होता, आणि संगणक म्हणत होता की अशी फाइलच नाही. पाहायला आलेल्या तंत्रज्ञाने पुराच्या पाण्याने फाइल खराब झाल्याचे निदान केले. त्या डिस्कला तर पाण्याचा थेंबही लागला नव्हता. नवे सॉफ्टवेअर घ्या आणि नोंदी पुन्हा टाइप करून घ्या, असा सल्ला आणि त्याचा खर्च सांगून तो गेला. कशावरून टाइप करायच्या, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

त्या संदेशाचा खरा अर्थ आम्हाला गावातल्याच एका विद्यार्थिनीने सांगितला. ती तेव्हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. आमचा प्रोग्राम ३२-बिटचा, म्हणजे जुन्या पिढीच्या संगणकरचनेसाठी केलेला होता, आणि नवी प्रणाली ६४-बिटची, म्हणजे नव्या रचनेची होती. लिनक्सवरील अशा प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला एक नाव लिहिलेले असते. मला सुरू करण्यापूर्वी अमुक ठिकाणच्या अमुक मदतनिसाला बोलवा, असा त्याचा अर्थ असतो. ३२-बिट प्रोग्रामसाठी त्या मदतनिसाचे नाव ‘एलडी-लिनक्स.एसओ.२’ असे असते, आणि निव्वळ ६४-बिट लिनक्समध्ये तो नसतो. म्हणजे न सापडलेली फाइल आमची नव्हती, ती या मदतनिसाची होती. संदेशात मात्र नाव आमच्या प्रोग्रामचे येत होते. ‘फाइल’ ही साधी कमांड दिली की प्रोग्राम किती बिटचा आहे आणि कोणता मदतनीस मागतो, हे एका ओळीत कळते. एवढी तपासणी न करता फाइल खराब झाल्याचे सांगितले जाते आणि संस्था त्यावर विश्वास ठेवतात, याचे मला आजही वाईट वाटते.

मदतनीस बसवणे सोपे निघाले. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या दोन्ही प्रकारांत ३२-बिट शाखा, म्हणजे ३२-बिट प्रोग्रामना लागणाऱ्या भागांचा संच, जोडून घेण्याची अधिकृत सोय आहे, ती वापरली. त्यानंतर संदेश बदलला. आता प्रोग्राम म्हणू लागला की मला ‘लिबक्यूटी-एमटी.एसओ.३’ ही लायब्ररी सापडत नाही.

लायब्ररी हाच शब्द संगणकवाल्यांनीही घेतला आहे आणि तो अगदी योग्य अर्थाने घेतला आहे. खिडकी उघडणे, अक्षरे रेखाटणे, चित्र वाचणे ही कामे प्रत्येक प्रोग्राम स्वतःच्या बळावर करत नाही. ती करणारे तयार भाग संगणकावर एका ठिकाणी ठेवलेले असतात आणि गरज पडेल तसा प्रत्येक प्रोग्राम ते तिथून मागून घेतो. यामुळे जागा वाचते, आणि एखाद्या भागात दोष सापडला तर तो एकाच ठिकाणी दुरुस्त करता येतो. अडचण आवृत्तीची आहे. कायद्याच्या एखाद्या पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीतील पृष्ठ २१२ पाहावे, असे कोणी टिपणात लिहून ठेवले असेल आणि कपाटात फक्त सहावी आवृत्ती असेल, तर त्या पानावर दुसरेच कलम सापडते. लायब्ररीच्या नावाच्या शेवटी जो आकडा असतो तो हेच सांगतो. जुन्या प्रोग्रामशी जुळणारी रचना मोडली की लायब्ररी तयार करणारे तो आकडा वाढवतात.

या आकड्यांत नशिबाचाही भाग असतो. सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणाऱ्या साधनाचे नाव जीसीसी. सी प्लस प्लस भाषेतील प्रोग्रामना लागणारी मूळ लायब्ररी जीसीसी ३.३ पर्यंत पाच क्रमांकाची होती. एप्रिल २००४ मध्ये जीसीसी ३.४ आल्यावर ती सहा क्रमांकाची झाली आणि आजही सहाच आहे. आमचा प्रोग्राम जुन्या जीसीसीवर तयार झालेला असल्यामुळे त्याला पाच क्रमांक हवा होता. तो थोडा उशिरा, नव्या जीसीसीवर तयार झाला असता, तर निदान ही एक लायब्ररी आम्हाला शोधावी लागली नसती.

‘एलडीडी’ ही कमांड दिली की प्रोग्रामला कोणकोणत्या लायब्ररी लागतात आणि त्यांतली कोणती मिळत नाही, याची यादी मिळते. (अनोळखी ठिकाणाहून आलेल्या प्रोग्रामवर ती चालवू नये, कारण काही परिस्थितींत तो प्रोग्रामच चालू होऊ शकतो, तेव्हा फाइल न चालवता नुसती वाचणारी ‘ऑब्जडम्प’ ही कमांड वापरावी.) त्या यादीप्रमाणे आम्ही जुन्या आवृत्त्यांच्या अधिकृत संग्रहातून एकेक लायब्ररी आणून प्रोग्रामच्या शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवू लागलो आणि आधी त्या फोल्डरमध्ये पाहावे अशी सूचना देऊ लागलो. परंतु क्यूटी ३, म्हणजे पहिल्यांदा न सापडलेली ती लायब्ररी, मिळाल्यावर तिने स्वतःसाठी पीएनजी या प्रकारची चित्रे वाचणारी बारा क्रमांकाची लायब्ररी मागितली, मग एमएनजी चित्रांची, मग जेपीईजी चित्रांची. पाचवी लायब्ररी आणल्यानंतर त्या मुलीने काम थांबवले आणि ही वाट सोडू या असे सांगितले. तिचा निर्णय बरोबर होता. एक-दोन लायब्ररी उणी असतील तर ही पद्धत चांगली. सगळा काळच उणा असेल तर नाही.

या टप्प्यावर लोकांच्या हातून होणाऱ्या दोन चुका सांगितल्या पाहिजेत, कारण त्या दोन्ही मी इतर संस्थांमध्ये पाहिल्या आहेत. पहिली चूक म्हणजे नव्या क्रमांकाच्या लायब्ररीला जुन्या क्रमांकाचे नाव देऊन प्रोग्रामपुढे ठेवणे. हे सहाव्या आवृत्तीवर पाचव्या आवृत्तीचे वेष्टन चढवण्यासारखे आहे. प्रोग्राम कधी अजिबात उघडत नाही, कधी उघडतो आणि नोंद जतन करताना कोसळतो. आणि हिशेबाच्या प्रोग्रामच्या बाबतीत ही दुसरी शक्यता पहिलीपेक्षा कितीतरी वाईट आहे. दुसरी चूक म्हणजे संपूर्ण प्रणालीचा पाया असलेली जीलिबसी ही लायब्ररीच जुनी आणून नव्या जागी बसवणे. तसे केले की फाइलींची यादी दाखवण्यासारख्या साध्या कमांडसुद्धा बंद पडतात आणि चालता संगणक हातचा जातो. त्याची गरजही सहसा नसते, कारण नवी जीलिबसी जुन्या प्रोग्रामना बहुधा सांभाळून घेते. प्रश्न येतो तो नवा प्रोग्राम जुन्या जीलिबसीवर चालवताना.

आम्ही शेवटी जी वाट धरली ती आभासी संगणकाची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची. नव्या संगणकाच्या आत एक जुना संगणक असल्याचे भासवायचे आणि त्यावर त्या काळातील लिनक्स जशीच्या तशी बसवायची. जून २००५ मध्ये आलेली डेबियन ३.१ आम्ही निवडली, कारण आमच्या प्रोग्रामला हव्या असलेल्या लायब्ररी तिच्यात होत्या. डेबियनने आपल्या जुन्या आवृत्त्या अधिकृत संग्रहात जपून ठेवल्या आहेत आणि त्या कोणालाही विनामूल्य मिळतात. ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माणसाला या गोष्टीचे किती अप्रूप वाटले असेल हे मी वेगळे सांगायला नको. एक अडथळा आला. ती जुनी प्रणाली आभासी संगणकाची डिस्कच ओळखेना. डिस्क जोडण्याचा प्रकार नव्या साटाऐवजी जुना आयडीई असा ठेवल्यावर ती ओळखली गेली. आभासी संगणकाला इंटरनेटची जोडणी मुद्दाम दिली नाही, कारण डेबियन ३.१ साठीच्या सुरक्षा दुरुस्त्या मार्च २००८ मध्येच थांबल्या आहेत. प्रोग्राम आत नेण्यासाठी सीडीची एका फाइलमध्ये हुबेहूब प्रत (इमेज) केली आणि नोंदी बाहेर आणण्यासाठी एक छोटी आभासी डिस्क जोडली. प्रोग्राम पहिल्याच वेळी उघडला. शेवटची नोंद जुलै २०१९ मधली होती आणि त्या पुस्तकाचा दाखल क्रमांक मला तोंडपाठ होता.

ज्यांना संपूर्ण आभासी संगणक जड वाटतो त्यांच्यासाठी ‘डीबूटस्ट्रॅप’ने जुनी प्रणाली एका फोल्डरमध्ये उतरवून ‘सीएचरूट’ने तिच्यात शिरण्याची, किंवा डॉकरसारख्या कंटेनरची, म्हणजे प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसह वेगळ्या कप्प्यात चालवण्याची, वाट आहे. लिनक्सच्या गाभ्यामुळे, म्हणजे कर्नेलमुळे, हे शक्य होते. चालत असलेला प्रोग्राम कर्नेलमधील बदलाने मोडता कामा नये हा नियम लिनक्सचे मूळ निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी पहिल्यापासून आग्रहाने पाळायला लावला आहे. जुना प्रोग्राम अडतो तो बहुधा मधल्या थरावर, लायब्ररींपाशी. तो मधला थर जुना मिळवून दिला की नव्या कर्नेलवरही त्याचे काम चालते. आमच्या कर्मचाऱ्यांना मात्र वेगळ्या खिडकीत उघडणारा आभासी संगणक समजायला सोपा गेला.

प्रोग्राम उघडल्याने काम संपले नव्हते. त्यात नोंदी मजकूर फाइलमध्ये उतरवण्याची सोय होती, पंधरा वर्षांत ती कोणी वापरली नव्हती. उतरवलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नव्हता, एका जुन्या फॉन्टच्या स्वतःच्या सांकेतिक क्रमात होता. अशा फॉन्टमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवली जाते आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, त्यामुळे नुसती चिन्हामागे चिन्ह अशी अदलाबदल करून भागत नाही. रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यांच्यासाठी वेगळे नियम लिहावे लागले, आणि तरीही काहीशे नोंदी आम्ही दोघा-तिघांनी बसून डोळ्यांनी तपासल्या. त्यानंतर हा संग्रह कोहा या मुक्त ग्रंथालय प्रणालीत गेला. कोहा न्यूझीलंडमध्ये तयार झाली, २००० पासून वापरात आहे, आणि तिचा स्रोत खुला असल्यामुळे तिच्यातील नोंदी कोणा एका व्यावसायिकाच्या मर्जीवर अवलंबून नाहीत.

जुना प्रोग्राम कायम चालवत राहावा, असे माझे म्हणणे नाही. तो नीट एकदाच चालला तरी पुरे. तेवढ्यात नोंदी बाहेर काढता येतात. लिनक्सच्या आवृत्त्या करणारे जुन्या लायब्ररी काढून टाकतात यात मला त्यांचा दोषही वाटत नाही. वापरात असलेल्या प्रत्येक लायब्ररीतील सुरक्षेचे दोष कोणीतरी शोधून भरावे लागतात. इंटरनेटवरील देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतील हार्टब्लीड नावाचा दोष २०१४ मध्ये उघड झाला तेव्हा एखाद्या लायब्ररीतील एक चूक किती महागात पडू शकते हे सर्वांनी पाहिले. ज्या लायब्ररीला वाली उरला नाही ती सर्वांच्या संगणकावर ठेवणे धोक्याचेच आहे.

तरीही वेळ आपल्या बाजूने नाही. जून २०१९ मध्ये उबुंटूच्या निर्मात्यांनी ३२-बिट इंटेल शाखा पूर्ण बंद करण्याचे जाहीर केले. वापरणाऱ्यांनी, विशेषतः संगणकावर खेळ खेळणाऱ्यांनी, जोरदार विरोध केल्यावर निवडक लायब्ररी पुढेही देण्याचे त्यांनी मान्य केले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट इंटेल संगणकावर थेट प्रणाली बसवण्याची सोय उरली नाही. ती शाखा आता ६४-बिट प्रणालीच्या पोटात जुने प्रोग्राम चालवण्यापुरती ठेवली आहे. ३२-बिट प्रोग्राम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ज्या संख्येत मोजतात ती १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जाते, म्हणजे त्यापुढची वेळ त्यांना मोजता येत नाही. डेबियनने इतर ३२-बिट शाखांत वेळेसाठी मोठी संख्या घेतली, परंतु जुने तयार प्रोग्राम मोडू नयेत म्हणून या एका शाखेत जाणूनबुजून जुनीच ठेवली. ही सवलत आपल्यासारख्यांसाठी आहे आणि तिला शेवटची तारीखही आहे.

या अनुभवावरून काही विनंत्या करतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेल्या वाचनालयांची तपासणी दरवर्षी होते, दाखलनोंद रजिस्टर पाहिले जाते. त्याच वेळी संगणकावरील नोंदी कोणत्या प्रोग्राममध्ये आहेत आणि त्या साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवून ठेवल्या आहेत का, हे दोन प्रश्न ग्रंथालय संचालनालयाने विचारावेत. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. पतसंस्था आणि इतर सहकारी संस्थांनी प्रोग्राम करून घेताना सोर्स कोड किंवा निदान नोंदी उतरवण्याची सोय करारातच मागावी, आणि प्रोग्रामबरोबर तो ज्या प्रणालीवर चालतो तिची सीडी, आवृत्तीचे नाव आणि ‘एलडीडी’ने दिलेली यादी छापून फाइलला लावावी. आम्ही ती यादी लावली असती तर आमचे सहा आठवडे वाचले असते, आणि त्या सहा आठवड्यांत गावातली माणसे आपापल्या घरांच्या पंचनाम्यामागे धावत असताना वाचनालयाचे काम अडून राहिले नसते.

सांगली, मिरज, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) भागात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत आणि त्यांतील विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्प करावे लागतात. जिल्ह्यातील एखाद्या जुन्या संस्थेचा बंद पडलेला प्रोग्राम उघडून तिच्या नोंदी युनिकोडमध्ये आणून देणे, हा प्रकल्प विषय म्हणून शिक्षकांनी मान्य करावा. त्यात लायब्ररी, सांकेतिक क्रम, आभासी संगणक असे सगळे शिकायला मिळते. आमच्यासाठी धावून आलेल्या मुलीला मात्र या कामाचे तिच्या अभ्यासक्रमात काहीच श्रेय मिळाले नाही, ही खंत मला आहे.

आणि ज्या संस्थांच्या कपाटात असा एखादा जुना संगणक किंवा हार्ड डिस्क अजून पडून आहे त्यांनी ती भंगारात देऊ नये. तिच्यावरील सगळ्या मजकुराची एक प्रत पाऊस सुरू होण्यापूर्वी वरच्या मजल्यावर, आणि शक्य असल्यास नदीपासून दूरच्या गावी, ठेवावी. प्रोग्राम उघडण्याचे काम त्यानंतर सवडीने करता येईल.

आपला विश्वासू,
एका सार्वजनिक वाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल,
जि. सांगली